मन्मथअप्पांची बशी

मन्मथअप्पांच्या ओट्यावर कुणी बशीत चहा ओतून पीत नसे. लातूरकडचा माणूस एरवी बशीत चहा ओतल्याशिवाय, त्यावर फुंकर मारल्याशिवाय आणि फुर्र असा आवाज केल्याशिवाय आपण चहा प्यालो हे मानायलाच तयार नसतो. तोच माणूस अप्पांकडे आला की कप दोन्ही हातांनी धरून मुकाट्यानं जीभ भाजून घेई, पण बशीकडे बघत नसे. कारण अप्पांकडची एक बशी लोकांना थुंकायला लावण्यासाठी राखलेली होती, आणि बाकीच्या बशांत मिसळली की ती नेमकी कोणती हे अप्पांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. "धुतलेली हाय की हो," असं अप्पा म्हणत. प्यायच्या पाण्याचे वांधे असलेल्या त्या दिवसांत "धुतलेली" या शब्दावर कितपत विश्वास ठेवायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं, आणि त्याच सुमाराला पावसानं पाठ फिरवली होती. नवा जिल्हा म्हणून नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले, नव्या पाट्या आल्या. पाणी तेवढं आलं नाही. मी उस्मानाबादच्या कचेरीत कारकून होतो. नव्या जिल्ह्याला माणसं हवीत म्हणून मला इकडे धाडलं. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. पहिल्या दिवशी ट्रंका उतरवता उतरवता मी तोंडातलं पान रस्त्याच्या कडेला रिकामं केलं आणि पुढं पाऊल टाकणार, तोच समोरून आवाज आला.

"थांबा! पाय देऊ नका त्याच्यावर!"

मला वाटलं साप आहे. मी एका पायावर उभा राहिलो. समोरच्या ओट्यावरून साठीचे एक गृहस्थ लगबगीनं उतरले. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बंडी, हातात छत्री. छत्री पावसासाठी असण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या टोकानं त्यांनी मी थुंकलेल्या जागेभोवती धुळीत एक गोल काढला, धोतर सावरून उकिडवे बसले आणि एखाद्या सोनारानं दागिना पाहावा तसं ते पाहू लागले.

"कात जास्ती झालाय," ते म्हणाले. "पर कडंचा लाल येगळा दिसायलाय. दात घासताना हिरड्यांतून रगत येतंय का, भाऊसायेब?"

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाई. बारदान्याचं दुकान हाय."

माझी बायको सुमन ट्रंकेवर बसून हसायला लागली. उस्मानाबाद सोडल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, म्हणून मी पुढचं बोललो नाही.

बारदाना म्हणजे रिकामी पोती, सुतळी आणि पोती शिवायचे दाभण. मोंढ्यात धान्य आलं तर पोती खपणार. रानात काही पिकलंच नाही, तर मोंढ्यात काय येणार आणि अप्पांची पोती कोण घेणार? त्यामुळे अप्पा सकाळी दुकान उघडत, पोत्यांच्या थप्पीला उदबत्ती ओवाळत आणि मग संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. ओट्यावर लिंबाची सावली होती. मोंढ्यातले बिनकामाचे हमाल, ट्रकवाले, नव्या कचेरीत खेटे घालून दमलेली खेड्यांतली माणसं, सगळी तिथं टेकत. टेकलेला माणूस तंबाखू मळतो, तंबाखू मळणारा थुंकतो, आणि थुंकला की अप्पा उठले.

"रंग बोलतोय," हे त्यांचं आवडतं वाक्य. काय बोलतोय ते मात्र पुष्कळदा चुकीचं ऐकायचे. पांढरी, घट्ट, दोरीसारखी लांबणारी थुंकी दिसली की ते म्हणत, "आतडी सुकली." पाणीच पोटात जात नव्हतं, तोंड कोरडं पडायचंच, आतड्यांचा काही संबंध नव्हता. आमच्या घरमालकीणबाई मिश्री लावत, त्यांच्या काळ्याशार चुळीवरून अप्पांनी त्यांना "कलेजी जळालीय" असं सांगितलं होतं. बाई त्यानंतर दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उठल्या त्या मिश्री लावायला.

स्वतः अप्पांना व्यसन नव्हतं. निदान ते तसं सांगत. त्यांच्या डाव्या गालात तंबाखू-चुन्याची एक चिमूट कायम असे, पण ती "दाढंसाठी" होती. ती दाढ पडून जमाना झाला होता आणि तिचं एक खूट तेवढं उरलं होतं. चिमूट मात्र नेमानं चालू होती.

एकदा नांदेडकडून हळदीचा ट्रक आला. लोहा, चाकूर करत तो मोंढ्यात पोहोचला तेव्हा कित्येक दिवसांनी काम मिळालं म्हणून सगळे हमाल धावले. त्यांचा मुकादम बाबूमियाँ. उघड्या अंगानं दिवसभर हळदीची पोती वाहून संध्याकाळी ही मंडळी अप्पांच्या ओट्यावर टेकली, आणि एकामागून एक पिवळीधमक थुंकली.

अप्पांचा चेहरा उतरला. "शिव शिव," ते म्हणाले. "कावीळ. समद्यांना. साथ आली."

"अप्पा, कुछ नै हुआ हमनाकू," बाबूमियाँ म्हणाला.

"तुला काय कळतंय? रंग बोलतोय की! चला, उठा, जिल्ह्याला."

"जिल्ह्याला" म्हणजे जिल्ह्याच्या दवाखान्यात. पूर्वी जिल्ह्याला जायचं म्हणजे एस.टी.त धक्के खात उस्मानाबादला जावं लागे. आता जिल्हाच चालत दारात आला, याचा अप्पांना इतका अभिमान होता की कुणाला शिंक आली तरी त्यांना जिल्ह्याची आठवण होई. तर ते पिवळे हमाल पुढं आणि छत्री उघडलेले अप्पा मागं, अशी मिरवणूक दवाखान्यात गेली. मीही गेलो. असले प्रसंग मी चुकवत नसे.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हुशार होत्या आणि दिवसभराच्या गर्दीनं वैतागलेल्या होत्या. त्यांनी सगळ्यांचे डोळे पाहिले. मग ओला कापूस घेऊन बाबूमियाँच्या मानेवरून फिरवला आणि पिवळा झालेला कापूस अप्पांच्या नाकाखाली धरला.

"कशाचा वास येतो?"

"हळदीचा," अप्पा म्हणाले.

"हे लोक आजारी नाहीत. आज आमटीत घालण्यासारखे झालेत एवढंच. कावीळ डोळ्यांत बघायची असते काका, थुंकीत नाही."

दुसरा कुणी असता तर त्यानं त्या दिवसापासून थुंकी बघायचं सोडून दिलं असतं. अप्पांनी हात जोडून विचारलं, "मग कसं बगायचं, तेवढं सांगा की बाई." बाईंनी पिच्छा सुटावा म्हणून सांगितलं. आधी माणसानं काय खाल्लं, काय प्यालं, कसली गोळी किंवा टॉनिक घेतलं ते विचारायचं. निम्मे रंग तिथंच उलगडतात. मग स्वच्छ चूळ भरायला लावायची, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि पांढऱ्या भांड्यात बघायचं. सर्दी-पडशात पिवळं-हिरवं पडतं, ते बहुतेक आपलं आपण जातं. हिरड्यांतून लाल येत असेल तर दात दाखवायचे आणि लिंबू, आवळा, पालेभाजी पोटात जाते का ते बघायचं. या दुष्काळात भाजी नाही म्हणून कितीतरी लोकांच्या हिरड्या सुटल्यात. पण खोकल्यातून रक्त पडलं, दम लागला, ताप उतरेना, माणूस वाळत चालला, तर एक दिवसही थांबायचं नाही. तसंच तोंडातली जखम किंवा पुसून न जाणारा पांढरा-लाल चट्टा पंधरा दिवसांत गेला नाही, तोंड उघडेना, घास गिळताना दुखायला लागलं, तरी थेट इकडं यायचं. "आणि बाकीच्या वेळी," बाई शेवटी म्हणाल्या, "मला त्रास द्यायचा नाही."

अप्पांनी हे सगळं पाठ केलं. शेवटचं वाक्य तेवढं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पांढरी बशी ओट्यावर आली.

आता अप्पांचं काम शिस्तीत चालू झालं. माणूस टेकला की प्रश्न. "काय खाल्लंस? पान? गुलाबी गोळ्या? लोखंडाचं टॉनिक?" मग रांजणातलं एक फुलपात्र पाणी चुळीसाठी. इथं घोटाळा झाला. टँकर एक दिवसाआड यायचा आणि बायकांच्या घागरींची रांग पार मारुतीपर्यंत जायची, अशा दिवसांत एक माणूस चूळ भरायला फुकट पाणी देतो ही बातमी मोंढ्यात पसरली. ओट्यापुढं गर्दी व्हायला लागली. ज्याला त्याला आपली थुंकी तपासून हवी होती. अप्पा मोठ्या आनंदात फुलपात्र पुढं करत, आणि माणूस ते घटाघटा पिऊन टाकी.

"गिळलं! बगा, गिळलं ह्येनं!" अप्पा ओरडत. "आरं, चुळीचं पाणी हाय ते!"

"चुकून गेलं अप्पा. आनखीन एकदा देता का?"

रांगेतल्या बायकांनी अप्पांना शिव्यांची लाखोली वाहिली. प्यायला नाही आणि ह्यांच्या चुळीला पाणी! अप्पा ऐकून घेत. पण रांजण त्यांचा एकट्याचा, घरात दुसरं पाणी पिणारं कुणी नाही, असं म्हणून ते फुलपात्र भरतच राहत. संध्याकाळी रांजण कोरडा पडे आणि अप्पा आमच्या दाराशी तांब्या घेऊन उभे राहत. सुमन तांब्या भरून देई आणि आत येऊन मला ऐकवी, कारण अप्पांना ऐकवून काही उपयोग नव्हता.

सगळ्यात मोठा तमाशा मास्तरांच्या घरी झाला. आमच्याच गल्लीतल्या मास्तरांच्या मुलीला बघायला भोकरचे पाहुणे आले होते. मास्तरांनी कुठून तरी बर्फ पैदा करून लालभडक गुलाबाचं सरबत केलं. मुलगा सरबत प्याला, जरा घसा साफ करायला बाहेर आला आणि कडेला थुंकला. अप्पा ओट्यावरून हे बघत होते. मुलगा गोरा, हडकुळा, आणि थुंकला तो लाल. उत्साहाच्या भरात "काय खाल्लं, काय प्यालं" हा पहिलाच प्रश्न ते विसरले. बशी घेऊन थेट मास्तरांच्या बैठकीत शिरले.

"नवरदेव, जरा ह्याच्यात थुंका."

नवरदेव मास्तरांकडे बघू लागला.

"लाजू नका. खोकला कवापास्नं हाय? वजन उतरलंय का? लगीन व्हायच्या आधी बगितलेलं बरं असतंय."

मुलाच्या वडिलांनी टोपी घातली. ज्या गल्लीत मुलाची पत्रिका सोडून थुंकी बघतात तिथं आम्हाला सोयरीक करायची नाही, असं म्हणून ते निघून गेले. मास्तर पुढं कित्येक महिने अप्पांशी बोलले नाहीत. अप्पांना मात्र आपलं काय चुकलं ते कळेना. "सरबत दिलं व्हतं तर मला आधी सांगायचं," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले.

आमच्या कचेरीतही ते येत. नव्या इमारतीचा रंग वाळायच्या आतच आम्ही कर्मचाऱ्यांनी जिन्याचे कोपरे लाल केले होते. जिल्ह्यात दुसरं कुठलं काम एवढ्या तत्परतेनं झाल्याचं मला आठवत नाही. अप्पा त्या कोपऱ्यांपुढं छत्री टेकून उभे राहत. कुठल्या खात्याची माणसं किती वेळ जागेवर नसतात, हे त्यांना जिन्यावरून कळे. "पुरवठ्याचा कोपरा ताजा हाय," ते मला म्हणत. "म्हंजे सायेब दौऱ्यावर गेलेत." एकदा भिंतीला चुना मारायला माणूस आला, तर त्याला यांनी हटकलं. का, तर चुन्याखाली कुणाचं खरं रक्त झाकलं जाईल. शिपायानं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं, आणि मी ओळख न दाखवता दुसऱ्या जिन्यानं वर गेलो.

असा हा माणूस. आता, एवढ्या नेमबाजीत एखादा नेम बसणारच. तो बाबूमियाँच्या बाबतीत बसला.

बाबूमियाँ खोकत होता. धुळीनं खोकतोय, असं सगळे म्हणाले, तोही म्हणाला. अप्पांनी त्याला चूळ भरायला लावली, समोर उभं राहून ती गिळू दिली नाही, आणि बशीत पाहिलं. मग आणखी एकदा खोकायला लावून पाहिलं. या वेळी ते ओरडले नाहीत. त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि त्याच्या दंडाला धरून त्याला जिल्ह्याला नेलं. त्या दिवशीही मी सोबत होतो, कारण बाबूमियाँनं वाटेत पळ काढला तर त्याला अडवायला अप्पांना माणूस हवा होता.

दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसानं नाव विचारलं, गाव विचारलं आणि मग म्हणाला, "सोबत कोण?"

"मी हाय," अप्पा म्हणाले.

"नातं काय?"

"मोंढ्यातला हाय त्यो."

"हे नातं होत नाही."

"होतंय की. न होयाला काय झालं?"

बाबूमियाँला क्षय निघाला. वेळेवर निघाला, असं बाई म्हणाल्या, आणि अप्पांकडे पाहून थोडं हसल्याही. मग कित्येक महिने औषध. रोज सकाळी अप्पा गोळ्या आणि फुलपात्र घेऊन त्याच्यापुढं उभे राहत. गोळी खरंच गिळली का, हे बघायला त्याला आ करायला लावत. बाबूमियाँ बरा झाला, पोती उचलायला लागला, तरी हे रोज त्याचं तोंड बघतच होते. "बीमारीसे तो नै मरा मैं," तो मला म्हणायचा, "पर ये अप्पासे मरतूं एक दिन."

त्यानंतर ज्याच्या त्याच्यासोबत दवाखान्यात जाणं हे अप्पांचं कामच झालं. कुणाची हिरडी, कुणाची जीभ, कुणाचा नुसताच संशय. खिडकीतला माणूस विचारायचा, सोबत कोण, आणि अप्पा छाती पुढं काढून सांगायचे, मी हाय. पंधरा दिवसांचा नियम तर त्यांनी सगळ्या मोंढ्याच्या डोक्यात बसवला. "पंधरा दिस. त्याच्यावर येक दिस बी न्हाई. मग जिल्ह्याला." लहान पोरंही खेळताना एकमेकांना हे म्हणत आणि आ करून दाखवत.

पुढच्या उन्हाळ्यात अप्पा गप्प झाले.

पहिल्यांदा आम्हाला बरंच वाटलं. बशी फळीवर पडून होती. माणसं ओट्यावर टेकत, थुंकत, निघून जात, आणि अप्पा पोत्यांच्या थप्पीला पाठ लावून बसून राहत. गल्लीत शांतता झाली. मास्तरांनी तर आनंदानं बोलायला सुरुवात केली. सुमन अधूनमधून त्यांना भाकरी आणि कारळाची चटणी पाठवी. एरवी ते वाटी चाटूनपुसून परत देत आणि वर "अजून तिखट चाललं असतं, माय" असं म्हणत. आता वाटी जशीच्या तशी परत आली. "मऊ भात असंल तर दे," असं त्यांनी सांगितलं, तेही तोंड एका बाजूनं उघडून.

"अप्पांचं काहीतरी बिनसलंय," सुमन म्हणाली.

"त्यांना थुंकणारी माणसं मिळत नसतील," मी म्हणालो.

ती हसली नाही. दोन दिवसांनी ती मला परसात घेऊन गेली. पाण्याच्या टंचाईमुळे आमचं आणि अप्पांचं धुणं एकाच दोरीवर वाळायचं. एकाच बादलीत आधी बरे कपडे, मग मळके, असं धुतलं की कुठलाच डाग पुरता जात नसे. दोरीवर अप्पांचे रुमाल होते. प्रत्येकावर फिकट तांबूस डाग होते, काही जुने, काही ताजे.

"अप्पा पान खातात का?" तिनं विचारलं.

अप्पांना पान खाताना मी कधीच पाहिलं नव्हतं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की या माणसाला थुंकतानाही मी कधी पाहिलेलं नाही.

आम्ही दोघं ओट्यावर गेलो. भर दुपारची वेळ, मोंढ्यात चिटपाखरू नव्हतं. सुमननं सरळ विचारलं, "अप्पा, रुमालावर लाल काय आहे?"

"सरबत," अप्पा म्हणाले.

"रुमालानं सरबत प्यालात?"

मी फळीवरची बशी काढून त्यांच्यापुढं धरली. इतक्या दिवसांचा राग होता, थट्टेची सवय होती, मी त्यांच्याच आवाजात म्हणालो, "थुंका अप्पा. रंग बोलतोय."

त्यांनी तोंड फिरवलं. उपरण्यानं ओठ झाकले. मी बशी खाली ठेवली.

"पंधरा दिवस झाले का?" सुमननं हळूच विचारलं.

"कवाच," अप्पा म्हणाले. "उन्हाळा लागायच्या आधीपास्नं हाय. ह्या गालात. फोड हाय, बाजूला पांढरं हाय."

"मग जिल्ह्याला का गेला नाहीत?" मी जवळजवळ ओरडलोच. "तो रस्ता तुमच्या चपलांनी झिजलाय! सगळ्या गावाला हाकलत नेलंत, आणि स्वतः?"

अप्पांनी पोत्यांच्या थप्पीकडे पाहिलं.

"तिथं खिडकीत इचारतेत, भाऊसायेब," ते म्हणाले, "सोबत कोण म्हणून. समद्यांच्या येळंला मी सांगितलं, मी हाय. आता माझ्या येळंला काय सांगू? बारदाना?"

त्यांची बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. उदगीरचा एक पुतण्या वर्षातून एकदा यायचा, चहा प्यायचा आणि जाताना दुकानाची रुंदी पावलांनी मोजून जायचा. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याच्यावरही आम्ही हसलो होतो.

"रोज सकाळी आरशात बगतो," अप्पा सांगत होते. "पर आपलं आपल्याला समजत न्हाई. येक दिस वाटतंय कमी हाय, येक दिस वाटतंय लई वाढलंय. घरात दुसरं कोण असलं तर सांगतंय की, आज बरं दिसायलंय म्हणून. तेवढ्यानं बी झोप लागती माणसाला."

सुमन पदरानं डोळे पुसत खाली उतरली आणि माझ्यावरच खेकसली, "उद्या रजा टाका."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा बाबूमियाँ कोपऱ्यावर उभा होता. त्याला कुणी सांगितलं मला माहीत नाही. त्याच्यामागं हळदीच्या दिवशीचे ते सगळे हमाल होते. अप्पा पुढं आणि सगळे मागं, अशी वरात दवाखान्यात पोहोचली. वाटेत अप्पा दोनदा थांबले, दुकानाचं कुलूप बघून येतो म्हणाले. बाबूमियाँनं त्यांच्या दंडाला धरलं. "चलो अप्पा. पंधरा दिस हो गये तुमारे."

खिडकीतला माणूस अप्पांना ओळखत होता. त्यानं सवयीनं विचारलं, "आज कुणाला आणलंत?" मग त्यानं वर पाहिलं, अप्पांचा चेहरा पाहिला आणि आवाज उतरवून विचारलं, "सोबत कोण?"

"आम्ही," सुमन म्हणाली. "हम लोगाँ," बाबूमियाँ म्हणाला. मीही काहीतरी म्हणालो. ते मला स्वतःलाच नीट ऐकू आलं नाही. नातं काय, हे त्या माणसानं या वेळी विचारलं नाही.

बाईंनी अप्पांच्या तोंडात उजेड पाडून बघितलं. मग जोरात रागावल्या. "तुम्ही, काका? तुम्हाला तर सगळं पाठ आहे!" अप्पा शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून बसले. बाईंनी जखमेचा बारीक तुकडा काढून तपासायला बाहेरगावी पाठवला. त्याचा निकाल येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. मी कचेरीत बसे आणि माझं लक्ष लागत नसे. मला भीती वाटत होती. या माणसाचं काही बरंवाईट झालं तर गल्ली किती सुनी होईल, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जिन्याच्या कोपऱ्याकडे गेलो की तोंडातलं पान गोड लागेना. मास्तरही येऊन ओट्यावर बसून गेले. त्यांनी चहाही घेतला.

निकाल आला. ज्याची भीती होती ते अजून झालेलं नव्हतं. होण्याच्या वाटेवर होतं. बाईंनी दाढेचं ते धारदार खूट काढून टाकलं, तंबाखू-चुना त्या दिवसापासून बंद करायला लावला आणि दर महिन्याला यायला बजावलं. आणखी उशीर केला असता तर मी काही सांगू शकले नसते, असं त्या म्हणाल्या. "आणि मधल्या काळात नजर ठेवावी लागेल. जखम भरतेय की नाही, रक्त येतंय का, हे रोज कुणीतरी बघायला हवं."

"कुणीतरी" म्हटल्यावर अप्पांनी जमिनीकडे पाहिलं.

"मी बघते," सुमन म्हणाली.

ही तीच सुमन, जी अप्पांच्या बशीच्या भीतीनं त्यांच्याकडचं पाणीसुद्धा पीत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आमच्या लग्नात आलेला चहाचा सेट ट्रंकेतून काढला. पांढराशुभ्र, कडेला बारीक सोनेरी रेघ. पाहुण्यांसाठी म्हणून तो मला आजवर हात लावू दिला नव्हता. त्यातली एक बशी घेऊन ती अप्पांच्या ओट्यावर गेली. त्या सेटमध्ये आता एक बशी कमी आहे, आणि ती ओट्यावरच आहे हे मला पक्कं माहीत असूनही मी घरी चहा कपातूनच पितो.

रोज सकाळी हेच चालतं. अप्पा अंघोळ करून, भस्म लावून ओट्यावर येतात. सुमन फुलपात्र देते. ते चूळ भरतात, थोडा वेळ थांबतात, बशीत थुंकतात आणि उन्हाकडे तोंड करून आ वासतात. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन जाताना विचारतात, "आज कसं हाय?"

"पांढरं आहे," सुमन सांगते. "आणि जखम कालच्यापेक्षा लहान दिसते."

"नीट बग, माय. घाई करू नको."

"बघितलं, अप्पा."

"आजून येकदा बग की."

जखम आता जवळजवळ भरली आहे, हे तिला दिसतं आणि अप्पांनाही ठाऊक असतं. तरी ते उन्हाकडे तोंड उघडून तसेच उभे राहतात, आणि सुमन आणखी एकदा बघते.